काकू नसल्या तर

शेषरावांचं ऑफिसात कोणी ऐकलं नाही, म्हणून पाळी कुरड्यांवर आली.

झालं असं, की शेषराव नागपूरला कार्यपद्धतीच्या शिबिराला जाऊन आले. सरकारी खर्चानं माणूस कुठंही जाऊन आला, की थोडे दिवस त्याच्या अंगात काहीतरी राहतंच. त्यांच्याच खात्यातला एक जण दौऱ्यावर चिखलदऱ्याला जाऊन आला होता, तर महिनाभर कॉफीशिवाय दुसरं बोलत नव्हता. शेषरावांच्या अंगात पद्धत शिरली होती. काम माणसावर अवलंबून नसावं, पद्धतीवर असावं. एकानं केलेलं दुसऱ्याला बघताक्षणी कळावं आणि दहा वर्षांनी तिसऱ्याला दुरुस्त करता यावं. कामाचे लहान लहान तुकडे करावेत, आणि एकाचा तुकडा दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढं सरकू नये. हे सगळं त्यांनी आल्या आल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, "फार छान," म्हणाले, आणि पाणीपुरवठ्याची फाईल मागितली. ती फाईल फक्त हेडक्लार्क वामनरावांना सापडायची, आणि वामनराव रजेवर होते.

"पाहा साहेब, मी हेच म्हणतो," शेषराव म्हणाले.

"ते राहू द्या," साहेब म्हणाले. "वामनरावांच्या घरी माणूस पाठवा."

एवढा अपमान पोटात घेऊन शेषराव घरी आले, तेव्हा क्वार्टरच्या चौकात बायका उन्हाळकामाचं बोलत बसल्या होत्या. आता पाणी पडलं की ते उताराकडंच जाणार.

अमरावतीच्या कॅम्पातले ते सरकारी क्वार्टर म्हणजे आठ बिऱ्हाडं, एक चौक, एक नळ आणि वर एक सामाईक गच्ची. दरवर्षी ऊन तापलं, की आठही घरांचे गहू एकत्र भिजायचे आणि वर्षभराच्या कुरड्या एकत्र व्हायच्या. दरवर्षी एका घराकडं यजमानकी. यंदा ती पहिल्यांदाच शेषरावांच्या बायकोकडं, सत्यभामेकडं आली होती. गहू आठ घरांचे आणि जबाबदारी तिची एकटीची. बिघडल्या तर वर्षभर एकाही घरच्या सणाच्या ताटात कुरडई नाही, आणि त्या प्रत्येक ताटावर सत्यभामेचं नाव निघणार. या विचारानं तिला आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं. शेषरावांना मात्र यात संधी दिसली.

त्यांनी एक मोठा बदामी कागद आणला, निळ्या शाईनं वर "कुरडई कार्यपद्धती" असं लिहिलं आणि तो चौकातल्या भिंतीला चिकटवला. खाली कलमं. भिजवण विभाग, वाटण विभाग, घाटण विभाग, तपासणी विभाग. गच्चीची किल्ली इतकी वर्षं नळाजवळच्या खिळ्याला लटकायची आणि ज्याला पाहिजे तो घ्यायचा. ही अनागोंदी बंद करून शेषरावांनी "गच्ची व कुलूप" असा वेगळा विभाग काढला आणि किल्ली कोपऱ्यातल्या देवीदासच्या ताब्यात दिली. देवीदासनं ती जानव्याला बांधून घेतली. जबाबदारी दिली की माणूस फुलतो, हे शिबिरात सांगितलंच होतं.

शिवाय रोज सकाळी नळ गेल्यावर सभा. बसायचं नाही, उभ्यानंच, म्हणजे लांबत नाही. प्रत्येकीनं तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय.

"काल गहू भिजवले," सत्यभामा म्हणाली.

"आज?"

"आज गहू भिजून राहिले."

"अडचण?"

सत्यभामेनं नवऱ्याकडं नीट पाहिलं. "सांगू काय?"

बायका पदर तोंडाला लावून पांगल्या. शेषरावांनी कागदावर 'अडचण नाही' असं लिहिलं.

इथवर सगळं ठीक होतं. गव्हानं कुणाचं ऐकायचं नसतं, तो आपला भिजत होता. खरी गोष्ट पुढंच होती, ती म्हणजे चीक. गहू भिजून आंबले की वाटायचे, पिळून त्यांचा पांढरा चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि भल्या पहाटे उकळत्या पाण्यात घाटायचा. कच्चा राहिला तर कुरडई मोडते, जास्त झाला तर सोऱ्यातून उतरत नाही, आणि हात थांबला तर गुठळ्या. हे काम आजवर एकट्या पार्बताकाकूंनी केलं होतं.

पार्बताकाकू म्हणजे समोरच्या महादेवरावांची आई. घर सुनेनं हातात घेतलेलं, त्यामुळं वर्षभर त्यांना कोणी काही विचारत नसे. भाजी निवडायला बसल्या तर सून म्हणायची, "राहू द्या ना बाई, मी करतो." पण कुरड्यांच्या दिवशी त्या चौकात लाकडी चाटू घेऊन उभ्या राहिल्या, की कलेक्टरही बाजूनं गेला असता. पाच वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर धर्मपाल आणि त्यांची बायको शालू राहायला आले, तेव्हा 'बौद्धांच्या बाईचा हात लागणार असेल तर आमचे गहू नको' म्हणून दोन घरांनी आपापले डबे उचलले होते. काकूंनी भर चौकात सोऱ्या शालूच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हिच्या दंडात जोर हाये. तुमच्या कोणाच्या असन तर सांगा." पुढच्या वर्षी ते दोन डबे गुपचूप परत आले. तेव्हापासून सोऱ्या शालूचा आणि चाटू काकूंचा.

तर शेषराव वही-पेन्सिल घेऊन काकूंसमोर पाटावर बसले.

"काकू, पाणी किती घ्यायचं?"

"चीक मांगन तेवढं."

"मीठ?"

"लागन तेवढं."

"बरं, उतरवायचा केव्हा?"

"झाला म्हंजे."

"पण झाला हे कळायचं कसं?"

"दिसते ना बापू. तुले दिसत नाई त्याले मी काय करू?"

शेषरावांनी पेन्सिल खाली ठेवली. शिबिरात एक गृहस्थ प्रत्येक तासाला एकच प्रश्न विचारायचे आणि सगळा वर्ग माना डोलवायचा. तो प्रश्न शेषरावांना तोंडपाठ झाला होता. ते प्रेमानं म्हणाले, "काकू, हे सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे. हे बरं नाही. उद्या तुम्ही नसलात तर?"

चौकात कोणाचं तरी सूप पाखडता पाखडता थांबलं.

"नसली म्हंजे? कुठं जाईन मी?" काकूंनी विचारलं.

अजूनही वेळ गेली नव्हती. 'गावाला' एवढं एक म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण अर्धवट उत्तर देणं शेषरावांच्या पद्धतीत बसत नव्हतं.

"तसं नाही," ते म्हणाले. "कायमच्या."

काकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या, म्हणून ते जास्तच वाईट दिसलं. "मंग माह्या तेरवीचं जेवण बी लिहून ठेव तुह्या तक्त्यावर," त्या म्हणाल्या. "कोण वाढन, कोण तपासन, सगळं."

संध्याकाळच्या गाडीनं त्या अकोल्याला बहिणीकडं निघून गेल्या. जाताना सत्यभामेला एवढंच म्हणाल्या, "मी मेली असं समजा आन् करा कुरड्या."

त्या संध्याकाळी सल्ल्यांना काही तोटा नव्हता. महादेवराव म्हणाले, आईचा राग आठ दिवसांत जातो. पण गहू आठ दिवस थांबणार नव्हते, आंबलेला गहू एक दिवस जास्त राहिला तरी कुरड्या लाल पडतात. देवीदास म्हणाला, तुरटी टाका, तुरटीनं सगळं निभते. कशात टाकायची ते त्याला सांगता आलं नाही. धर्मपाल जिन्यावर बसून विडी ओढत होते. शेषरावांशी त्यांची जुनी दोस्ती, त्यामुळं ते गोड बोलण्याच्या भानगडीत पडत नसत.

"शेषराव, म्हातारं माणूस गेल्यावर काय करायचं, ते प्रत्येक घरात ठरलेलं असते," ते म्हणाले. "फक्त ते त्याच माणसाले कोणी विचारत नाई."

"मी पद्धतीबद्दल बोलत होतो."

"तेच म्हणतो मी. पद्धत नाई ती."

सत्यभामेनं गहू वाटले, पिळले, चीक मोठ्या पितळी गंजात बसवला आणि अंगणात खाटेवर पडून आभाळाकडं बघत राहिली. आभाळात ढग होते. शेषरावांना वाटलं, ती रागावली आहे. ती घाबरली होती, पण हे विचारायचं कलम त्यांच्या तक्त्यावर नव्हतं.

पहाटे चुली पेटल्या. चिकावरचं पाणी ओतून टाकलं, आणि सत्यभामेनं पांढराशुभ्र चीक तीन घाण्यांत वाटला. शेषराव स्वच्छ धोतर नेसून, हातात थाळी आणि पळी घेऊन तक्त्याखाली उभे राहिले. त्यांची योजना अशी होती: घाटणं हे कष्टाचं काम, ते एकीवर पडू नये, म्हणून थाळी वाजली की चाटू दुसरीच्या हातात जाईल. आणि दर पाळीला तपासणी विभागानं, म्हणजे महादेवरावांच्या बायकोनं, गंजात डोकावून 'ठीक' म्हटल्याशिवाय पुढचीनं हात लावायचा नाही.

पाणी उकळलं. चीक पडला. सत्यभामा घाटू लागली. चीक घट्ट होत आला, आणि नेमकी थाळी वाजली.

"आता नको वाजवा," सत्यभामा म्हणाली. "आता हात थांबला तर—"

"नियम म्हणजे नियम."

चाटू दुसरीच्या हातात गेला, पण ती हात लावेना, कारण 'ठीक' आलं नव्हतं. तपासणी विभागाच्या डोळ्यांत धूर गेला होता. तिनं डोळे पुसले, वाकून पाहिलं, सरळ झाली, परत वाकली. "ठीक म्हणू काय?" तिनं विचारलं. "मले तर काही ठीक दिसत नाई." गंजातून फस् असा आवाज आला. पुढच्या पाळीपर्यंत चिकात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या, त्याच्या पुढच्या पाळीला खालून करपल्याचा वास आला, आणि थाळी शेवटची वाजली तेव्हा चाटू गंजात उभाच राहिला. शालूनं एक गोळा सोऱ्यात भरला, दोन्ही हातांनी दाबला, सगळा भार देऊन दाबला. सोऱ्याच्या छिद्रांतून काहीच आलं नाही. मग एका बाजूनं एक गुठळी टपकन् खाली पडली.

शालूनं सोऱ्या खाली ठेवला. "यात तर भिंतीचा दगड बसवता येईन, भाऊजी," ती म्हणाली.

आठ घरांच्या गव्हांचा तिसरा हिस्सा असा गेला. कोणी शेषरावांना एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांना सहन होईना. कोणी ओरडलं असतं तर खुलासा तरी देता आला असता. शिबिरात खुलाशाचं एक वेगळं व्याख्यान झालं होतं.

तेवढ्यात वरून धर्मपालांचा आवाज आला. गच्चीला कुलूप होतं. देवीदासच्या घराला बाहेरून कडी. सासरा पडला म्हणून काल रात्रीच मोर्शीहून निरोप आला होता, आणि देवीदास बायकोला घेऊन गेला होता. जानवं अर्थातच सोबत गेलं होतं.

"एकाच माणसाच्या हाती काही ठेवू नये, असं कोण म्हणत होतं?" धर्मपालांनी जिन्यातून विचारलं.

शेषराव म्हणाले, कुलूप सरकारी आहे, फोडायला वरून परवानगी लागते, अर्ज करावा लागेल, आज रविवार आहे. धर्मपाल खाली आले, सत्यभामेच्या पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि वर गेले. दोन आवाज झाले. "अर्जात लिहा," ते वरून म्हणाले, "कुलूप पद्धतीनं फुटलं."

दिवस उजाडला. सूर्य उगवला तोच ढगात गेला. आता दुसरा घाणा शिजवायचा की नाही, हे कोणालाच सांगता येईना. शिजवला आणि ऊन पडलं नाही, तर तोही गेला. न शिजवावा तर चीक आंबून चढत होता. बायका सत्यभामेकडं बघत होत्या. सत्यभामा गंजाकडं बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. शेषरावांना आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की आपण काहीही बोललो तरी ते चूकच होईल. आणि ते गप्प राहिले. त्या दिवशीचं त्यांचं हे पहिलं उपयोगी काम.

सत्यभामेनं पदर खोचला. "थाळी आत ठेवा," ती म्हणाली. "शालू, सोऱ्याले तेल लाव."

ती गंजापाशी बसली आणि तिनं पाणी ओतलं. किती, ते तिनं मोजलं नाही. मिठाची मूठ घेतली, थोडं मीठ परत डब्यात टाकलं, उरलेलं गंजात. चीक ओतायला लागली तसा तिचा दुसरा हात फिरू लागला, आणि तो थांबला नाही. घाम नाकावरून गळायला लागला तरी थांबला नाही. चीक दाटला, काचेसारखा झाला. तिनं बोट पाण्यात बुडवून वरून लावलं, पाहिलं, आणि म्हणाली, "झाला."

शालूनं दाबलं, आणि सोऱ्यातून पांढऱ्या तारा सरसर उतरल्या. बायकांनी खाटा गच्चीवर नेल्या, धोतरं पसरली, गरम चीक धावत वर गेला. नऊच्या सुमाराला ढग बडनेऱ्याकडं सरकले आणि ऊन असं पडलं, की शेषरावांना खाली चौकात उभ्या उभ्या डोळे मिटावे लागले.

ते जिना चढून वर आले. रांगेनं कुरड्या पडल्या होत्या, एकीसारखी एक. "तुला येत होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? मी दोन दिवस वही घेऊन फिरत होतो."

सत्यभामेनं हाताला लागलेला चीक सोलून काढला. "मले येते, शालूले येते, काकूंच्या सुनेले बी थोडंफार येते," ती म्हणाली. "इतके वर्सं बाजूले उभ्या राहिलो आमी. पण आमाले येते असं म्हटलं, तर काकू कशाले येतील खाली? वर्षातून एक दिवस त्यांचा असते. तो तुमी घेतला."

शेषरावांना एकदम फार वाईट वाटलं. त्या म्हाताऱ्या बाईचं गुडघ्यावर हात ठेवून उठणं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि आपण 'कायमच्या' म्हणालो तेव्हाचा आपला तो समजूतदार आवाज आठवला.

"एक घाणा मी ठेवला हाये," सत्यभामा म्हणाली. "वरचं पाणी बदललं. उद्या सकाळपर्यंत टिकते, पुढं नाई. तुमी अकोल्याले जा. जमत नाई म्हणून सांगा, आन् काकूले घेऊन या. त्या आल्या नाई, तर तो घाणा मी नालीत फेकीन, पण घाटणार नाई."

"पण जमलं तर आहे."

"तुमचा नाई ना जमला? तोच न्या."

असे शेषराव, खात्यातले सीनियर क्लार्क, नागपूरचं प्रशस्तिपत्र मिळालेले, भर उन्हात एस. टी.त बसले; आणि मांडीवर पितळी डबा, त्यात स्वतःच्या कार्यपद्धतीचा गोळा. आंबूस वास गाडीभर पसरला. मूर्तिजापूरच्या अलीकडं कंडक्टरनं नाक धरून विचारलं, "डब्यात काय हाये जी?"

"नमुना," शेषराव म्हणाले. कंडक्टर त्यांना तपासणी खात्याचा माणूस समजून पुढं सरकला, आणि त्यानं अकोल्यापर्यंत कोणालाही फुकट बसू दिलं नाही.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून ते जुन्या शहरात शिरले. विचारत विचारत गल्लीत काकूंच्या बहिणीचं, सुंदराबाईंचं घर सापडलं. पार्बताकाकू ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात काही नव्हतं. आत बहिणीच्या सुना मिरच्या कुटत होत्या, आणि काकू नुसत्या त्या आवाजाकडं कान देऊन होत्या. इथंही त्यांना कोणी काही करू देत नव्हतं, हे शेषरावांना बाहेरूनच दिसलं.

काकूंनी डबा उघडला. गोळा बोटानं दाबला. बोट आत गेलं नाही.

"हे कोणी घाटलं?"

"म्हणजे, एक असं कोणी नाही," शेषराव म्हणाले. "पद्धतीनं घाटलं."

"म्हंजे कोणीच नाई," काकू म्हणाल्या. "खा."

"काय?"

"खाऊन पाह्य. लोकाले वर्षभर खाऊ घालत होता ना?"

शेषरावांनी तुकडा मोडला. मोडायला दोन्ही हात लागले. सुंदराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, गल्लीतल्या दोन बायका चालता चालता थांबल्या. शेषराव चावत राहिले. गिळल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली, की योजना मुळात योग्य होती, अंमलबजावणीत काही त्रुटी राहिल्या, पुढच्या वेळी—

"शेषराव," काकू म्हणाल्या, "शेवटची गाडी कितीची हाये?"

"सहाची."

"मंग लवकर बोल."

ऊन उतरलं होतं. घरी गंजात तो एक घाणा चढत होता, आणि सत्यभामा बोलल्याप्रमाणं करणारी बाई होती. शेषरावांनी एकवार गल्लीकडं पाहिलं. बायका आता चार झाल्या होत्या.

"काकू, मी चुकलो," ते म्हणाले. "तसं बोलायला नको होतं. तुमच्याशिवाय आमचं होत नाही. एक घाणा तुमच्यासाठी ठेवला आहे."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "सुंदरे, माही पिशवी आण."

गाडीत त्या खिडकीशी बसल्या. शेषरावांना वाटलं, आता सुटलो. मूर्तिजापूरला चहा झाला, गाडी हलली, आणि काकूंनी बाहेर बघत विचारलं, "एक घाणा ठेवला म्हणतं तू. एक हा बिघडला. तिसऱ्याचं काय झालं?"

शेषरावांच्या पोटात गोळा फिरला, म्हणजे दोन्ही अर्थानं. "तो... जमला कसाबसा," ते म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या. खोटं पकडलं गेलं की नाही, हे शेषरावांना कळेना, आणि घरी जाऊन रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

सकाळी काकूंनी तिसरा घाणा घाटला. सगळा चौक गोळा झाला होता. शालूनं सोऱ्या दाबला, तारा उतरल्या, सत्यभामा म्हणाली, "पाहा, काकूंच्या हाताची गोष्टच वेगळी," आणि सगळ्यांनी हो म्हटलं. शेषराव भिंतीला पाठ लावून तक्त्याखाली उभे होते. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण काकूंनी हात धुतले आणि जिन्याकडं निघाल्या.

"काकू, कशाले त्रास घेता?" सत्यभामा म्हणाली. "गुडघे दुखतील."

"दुखू दे."

वर कालच्या कुरड्या उन्हात पांढऱ्याफेक पडल्या होत्या. काकू रांगेच्या कडेनं सावकाश चालत गेल्या. एक कुरडई उचलली, उजेडात धरली, तिचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. मागं सात-आठ बायका, शेषराव, धर्मपाल, सगळे श्वास रोखून. तुकडा वाळका होता, त्यामुळं चावायला फार वेळ लागला.

"मीठ कमी हाये," काकू म्हणाल्या.

"हो ना," सत्यभामा लगेच म्हणाली. "कमीच पडलं."

"लयच कमी," शालू म्हणाली.

काकूंनी शेषरावांकडं पाहिलं. शेषरावांनी काल तिथं उभ्या उभ्या चार कुरड्या ओल्याच खाल्ल्या होत्या. मिठाला कुठंही नाव ठेवायला जागा नव्हती. चुकीला चूक आणि बरोबरला बरोबर म्हणायचं, यावर त्यांचं आजवरचं सगळं आयुष्य उभं होतं. त्यापायी दोन बढत्या गेल्या होत्या. सत्यभामा त्यांच्याकडं बघत होती.

"कमीच आहे, काकू," शेषराव म्हणाले.

"मंग लिही तुह्या कागदावर."

धर्मपालांनी खाली जाऊन तक्ता भिंतीवरून सोडवून आणला. शेषरावांनी गच्चीच्या कठड्यावर तो पसरला आणि सगळ्यात वर, पहिल्या कलमाच्याही आधी, लिहिलं.

"वाच, काय लिहिलं ते."

"मीठ पार्बताकाकूंना विचारून टाकावे."

"आन् काकू नसली तर?"

शेषरावांना शिबिरातले ते गृहस्थ आठवले. त्यांनी या प्रश्नाची सहा उत्तरं दिली होती, आणि त्यातलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं.

"तर त्या वर्षी कुरड्या करायच्या नाहीत," शेषराव म्हणाले.

काकूंनी मान हलवली. "येडा हायेस," त्या म्हणाल्या. "काहून नाई करायच्या? सत्यभामाले सगळं येते. शालूले बी येते. इतके वर्सं माह्या हाताकडं पाहून राहिल्या त्या, मले का दिसत नाई? मीच तर त्याहिच्याकडं वळून घाटत होती, नीट दिसावं म्हणून."

सत्यभामेनं खाली पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला हात चिकाचा होता.

"आन् मीठ बराबर हाये," काकू म्हणाल्या. "तू माह्यासाठी खोटं बोलतं का नाई, ते पाहत होती मी."

त्यांनी खाटेच्या कडेची एक जागा मोकळी करायला लावली आणि तिथं टेकल्या. "पुढच्या साली चाटू सत्यभामाच्या हाती," त्या म्हणाल्या. "माह्यानं आता होत नाई. मी अथीसा, या खाटेवर बसून नावं ठेवीन. लिही ते बी."

शेषरावांनी पेन्सिलीला थुंकी लावली, तपासणी विभागापुढचं महादेवरावांच्या बायकोचं नाव खोडलं, आणि तिथं पार्बताकाकूंचं नाव लिहिलं. मग खाली जाऊन गच्चीच्या नव्या कुलपाची किल्ली नळाजवळच्या खिळ्याला लटकवली.